पंक्चर काढूनही चाक पुन्हा बसतंय? आधी भोक कुठे पडलंय ते बघा

सोलापूर भागात सायकल चालवणाऱ्याला सराटे आणि वेडी बाभूळ वेगळी सांगावी लागत नाही. म्हणून चाक बसलं की आपण न बघताच काट्याला बोल लावतो, दुकानात जाऊन ठिगळ लावून घेतो आणि दोन-तीन दिवसांनी तेच चाक पुन्हा रिमवर टेकलेलं सापडतं. आमच्या कॉलनीतल्या शाळकरी पोरांच्या, पेपर टाकणाऱ्यांच्या आणि पहाटे व्यायामाला निघणाऱ्या काका मंडळींच्या सायकली मी बरीच वर्षं हौसेने दुरुस्त करतोय. त्यात सगळ्यांत जास्त वेळा येणारी तक्रार हीच: 'कालच पंक्चर काढलं होतं.' पंक्चर खरंच काढलेलं असतं. भोक ज्याने पाडलं ते मात्र चाकातच राहिलेलं असतं.

लक्षणं आधी नीट बघून घ्या, त्यावरून निम्मी शोधाशोध वाचते.

– हवा भरल्यावर पाच-दहा मिनिटांत चाक बसतं: मोठं भोक, चीर, किंवा वाल (हवा भरायचं तोंड) पूर्ण उघडा राहिलाय.
– रात्री टणक, सकाळी सपाट: बारीक भोक, सुटत आलेलं ठिगळ किंवा कुजलेली वालट्यूब (वालच्या आतली बारीक रबरी नळी).
– उभी असताना ठीक, पण चालवली की हवा जाते: टायरमध्ये काहीतरी रुतलेलं आहे, वजन पडलं की ते ट्यूबला टोचतं.
– खड्ड्यात किंवा गतिरोधकावर आदळल्यावर लगेच गेली: हवा कमी होती.
– दोन-तीन आठवड्यांनी मऊ पडते: बहुतेक वेळा हे पंक्चर नसतंच.
– दर वेळी भोक ट्यूबच्या त्याच जागी: काटा बाजूला ठेवा, दोष टायरमध्ये किंवा रिममध्ये आहे.

शेवटचं लक्षण ओळखायचं तर मागचं भोक कुठे होतं ते माहीत हवं, आणि ते सहसा कुणालाच माहीत नसतं. म्हणून दुकानात पंक्चर काढून घेतलं तरी ट्यूब आत जाण्यापूर्वी एकदा डोळ्यांनी बघा: वालपासून किती लांब, चेनच्या बाजूला की उलट, रस्त्याकडे की रिमकडे.

हवा खरंच जाते का?

इथे खर्च शून्य आहे, म्हणून सुरुवात इथून. सायकलच्या ट्यूबमधून हवा आपोआप झिरपते. नेहमीच्या काळ्या ट्यूबा ब्यूटाइल रबराच्या असतात. त्यांतून ती हळू जाते, पण जाते. बारीक टायरमध्ये मुळात हवा थोडी, म्हणून रेसिंग सायकल आठवडाभरात मऊ लागते आणि जाड टायरची सायकल दोन-तीन आठवडे निभावते. परीक्षेच्या काळात दोन महिने जिन्याखाली उभी राहिलेली सायकल बसली असेल तर तिला पंक्चर म्हणू नका. हवा भरा, एक दिवस थांबा, मग ठरवा.

हवा किती भरायची ते टायरच्या अंगावरच कोरलेलं असतं. '४०-६५ पीएसआय' असं काहीतरी वाचायला मिळेल; पीएसआय हे हवेचा दाब मोजायचं एकक. काही टायरांवर तोच दाब केपीए किंवा बार या एककांत असतो. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. टायर जितका बारीक तितका दाब जास्त. २६ इंची जाड टायरच्या एमटीबीला (माउंटन बाइकला) मी ४० ते ५० ठेवतो, ७०० × ३५ च्या हायब्रिडला (एमटीबी आणि रेसिंगच्या मधल्या सायकलीला) ५५ ते ७०, आणि २५ मिलिमीटरच्या रेसिंग टायरला ८० च्या पुढे. चालवणारा वजनदार असेल, कॅरियरवर ओझं असेल, तर कोरलेल्या मर्यादेत राहून वरचा आकडा धरा. मागच्या चाकावर वजन जास्त पडतं, म्हणून तिथे पुढच्यापेक्षा थोडी जास्त.

अंगठ्याने दाबून अंदाज घेण्यात काही अर्थ नाही. बारीक टायर ४० पीएसआयला दगडासारखा लागतो आणि त्याला हवी असते दुप्पट. गेज (दाब दाखवणारा काटा) असलेला उभा पंप एकदा घेऊन टाका. घरात दोन सायकली असल्या तर हा खर्च लवकर वसूल होतो, कारण निम्मी पंक्चरं कमी हवेपायीच होतात असं माझं मत झालंय.

उन्हाबद्दल एक गैरसमज. एप्रिलमध्ये उन्हात उभी केलेली सायकल फट्टकन फुटली की लोक म्हणतात, हवा तापून फुगली. तापते हे खरं. पण २५ अंशांला ६० पीएसआय भरलेलं चाक तापून ६० अंशांवर गेलं तरी दाब जेमतेम ७० पर्यंत पोचतो. धड टायर तेवढ्याने फुटत नाही. फुटतो तो कड रिममध्ये नीट न बसलेला, बाजूने चिरलेला, किंवा आत जुनं ठिगळ उष्णतेने ढिलं झालेला. तेव्हा हवा कमी भरून ठेवणं हा त्यावर उपाय नाही.

वाल

साध्या काळ्या सायकलीला जो वाल असतो त्यात आतल्या पिनवर बारीक रबराची नळी चढवलेली असते. हीच वालट्यूब. पिनच्या बाजूला एक छोटं छिद्र असतं, ते या नळीने झाकलेलं असतं. पंप मारला की हवा नळी फुगवून आत शिरते आणि उलट यायला लागली की नळी छिद्राला चिकटून बसते. सगळा भार त्या टिचभर रबरावर. उन्हाने ते वाळतं, तडकतं, कधी चिकट होऊन पिनलाच लपेटून बसतं. ट्यूब उघडण्यापूर्वी हे तपासायचं, कारण वालट्यूब अगदी किरकोळ पैशांत मिळते आणि बदलायला दोन मिनिटं लागतात.

तपासायची रीत जुनीच आहे. हवा भरा, वालच्या तोंडावर ओल्या बोटाने पाण्याचा किंवा थुंकीचा थेंब ठेवा आणि शांतपणे बघत राहा. बुडबुडा फुगत असेल तर वाल गळतोय. वरचं नट सोडवा, पिन ओढून काढा, जुनी नळी नखाने खरवडून पूर्ण काढा. नवी नळी ओली करून चढवा, बाजूचं छिद्र पूर्ण झाकून ती पिनच्या जाड भागापर्यंत गेली पाहिजे. तेल लावू नका. तेलाने रबर फुगतं आणि कुजतं. पाणी पुरतं.

मोटरसायकलसारखा वाल असेल तर आतली सुई ढिली झालेली असू शकते. ती आवळायला खाच असलेलं छोटं टोपण मिळतं. सुईवर वाळूचा कण अडकल्यामुळेही हवा जाते. नखाने सुई दोन-तीन वेळा पटकन दाबून सोडली की कण बऱ्याचदा हवेबरोबर बाहेर उडतो. रेसिंगच्या बारीक वालाच्या टोकाला छोटं नट असतं, हवा भरून झाल्यावर ते पुन्हा आवळायचं असतं. नवीन सायकल घेतलेले हमखास विसरतात आणि ट्यूबला दोष देतात.

तिन्ही प्रकारांना प्लास्टिकचं टोपण लावलेलं असू द्या. हवा ते धरत नाही, पण धूळ थोपवतं.

आता वालच्या बुडाशी बघा. वाल रिममधून सरळ, चाकाच्या मध्याकडे रोख धरून उभा असला पाहिजे. तिरका झाला असेल तर ट्यूब आत सरकली आहे. कमी हवेवर करकचून ब्रेक मारले की टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो आणि वाल भोकाच्या कडेवर घासतो. वाल ट्यूबला जिथे जोडलेला असतो तिथे एकदा चीर पडली की तिथे ठिगळ टिकत नाही. ट्यूब बदला, वेळ घालवू नका. बारीक वालाची ट्यूब जाड वालासाठी पाडलेल्या भोकात बसवली असेल तरीही हेच होतं. त्यासाठी भोक बारीक करणारी छोटी रिंग मिळते.

टायर बाहेरून

चाक अधांतरी करून सावकाश फिरवा, उजेडात. चकाकणारी काच, खिळ्याचं डोकं, काट्याचं काळं टोक दिसतं का ते बघा. दिसलं की लगेच उपटू नका. आधी टायरवर त्या जागी पेनने खूण करा, कारण भोक ट्यूबच्या कुठल्या भागात असणार हे त्यावरून कळतं. काटा उपटला की ती जागा परत सापडत नाही.

सराट्याचं वेगळं सांगायला हवं. पावसाळा सरल्यावर वेल वाळतो, फळं फुटून रस्त्याच्या कडेला पडतात, आणि त्यांचा एक ना एक काटा कायम वर तोंड करून असतो. एक फळ चाकाला लागलं की दोन-तीन भोकं एकदम पडू शकतात. दिवाळीच्या सुमारास 'एक पंक्चर काढलं, लगेच दुसरं झालं' ही तक्रार वाढते, त्यात दुसरं पंक्चर बऱ्याच वेळा पहिल्याबरोबरच झालेलं असतं, फक्त कुणी शोधलेलं नसतं. या दिवसांत मातीच्या कडेने, पायवाटेने, रिकाम्या प्लॉटमधून सायकल घालू नका, एवढ्यानेही फरक पडतो.

पंक्चरवालेच रस्त्यात खिळे टाकतात, असं कट्ट्यावर नेहमी ऐकतो. टायरांतून मी जे काढलंय त्यात खिळे अगदी थोडे. काटे आणि तारा जास्त. तारांचा विषय पुढे येतोच.

ट्यूब काढून भोक शोधणं

इथपर्यंत दोष सापडला नाही तर चाक उघडावं लागेल. साध्या सायकलीचं मागचं चाक सोडवायची गरज नाही. चेन, चेनकव्हर, कॅरियरच्या पट्ट्या, स्टँड हे सगळं सोडवून परत लावण्यात तास जातो. दुकानदार करतो तसंच करा: वालचं नट काढा, टायरची एकच कड लिव्हरने (टायर उचकटायच्या पट्टीने) बाहेर काढा आणि ट्यूब बाजूने ओढून घ्या. लिव्हर टायरचेच वापरा. स्क्रूड्रायव्हरने टायर निघतो आणि ट्यूबला नवं भोकही पडतं.

ट्यूब ओढण्यापूर्वी दोन खुणा करा. वालच्या समोर टायरवर एक, आणि ट्यूबवर चेनच्या बाजूला एक. म्हणजे भोक सापडल्यावर ट्यूब टायरवर जशीच्या तशी ठेवून 'या भोकासमोर टायरमध्ये काय आहे' हे बघता येतं. सगळ्या कामात महत्त्वाचं हेच, आणि घाईत बहुतेक जण नेमकं हेच गाळतात. टायर बसवताना त्याच्यावरचं नाव वालच्या बरोबर समोर आणायची सवय लावून घेतली तर पुढच्या वेळी खूणही करावी लागत नाही.

ट्यूबमध्ये ती जरा फुगेल इतकी हवा भरा आणि घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत पूर्ण फिरवा. बुडबुडे दिसले की पुसून पेनने गोल करा, पण तिथे थांबू नका. वालपासून वालपर्यंत पूर्ण फेरा करा. फारच बारीक गळती असेल तर साबणाचा फेस लावून बघा, तो सुईएवढ्या छिद्रावरही फुगतो. वालसुद्धा पाण्यात धरा. पाण्यात काहीच सापडलं नाही आणि तरी रात्रभरात चाक बसत असेल, तर ट्यूब थोडी फुगवून रात्रभर खुंटीला टांगून ठेवा. सकाळी तशीच असेल तर ट्यूब धड आहे, टायरमधलं काहीतरी फक्त वजन पडल्यावर टोचतंय.

भोक कुठे, कसं, यावरून कारण ठरतं:

रस्त्याकडच्या बाजूला एकच बारीक टोचा: काटा, तार किंवा काच.

शेजारी-शेजारी दोन लहान चिरा, साप चावल्यासारख्या: खड्ड्यात आदळून ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चेचली. टायरमध्ये काहीही सापडणार नाही, शोधू नका. हवा कमी होती.

रिमकडच्या बाजूला भोक: आरा किंवा रिमपट्टी.

कडेला लांबट चीर, टायर नुकताच बसवलेला असताना: लिव्हरने ट्यूब चिमटली.

ठिगळाच्या काठाने बुडबुडे: ठिगळ घाईत लावलेलं.

आता काटा, तार आणि काचेबद्दल. टायरच्या आतून बोट फिरवायचं असं सगळे सांगतात. मी आधी कापूस फिरवतो, दोन्ही दिशांनी. बारीक काहीही वर आलेलं असेल तर कापसाचे धागे तिथे अडकतात आणि बोट कापत नाही. महामार्गाच्या कडेने चालवणाऱ्यांनी हे फार जपून करावं. पुणे–हैदराबाद महामार्गावर ट्रकच्या फाटलेल्या टायरांचे तुकडे पडलेले असतात, त्यांतल्या पोलादी जाळीच्या तारा सुटून पसरतात. या तारा केसापेक्षा थोड्याच जाड असतात. टायरमध्ये शिरल्या की बाहेरून दिसत नाहीत, बोटालाही लागत नाहीत, आणि चाकावर वजन पडलं की आतून मिलिमीटरभर डोकं वर काढतात. चालवली की हवा जाते, उभी ठेवली की जात नाही, या तक्रारीच्या मागे मला बहुतेक वेळा अशी तारच सापडली आहे. भोकासमोरचा टायरचा भाग उलटा वाकवा, म्हणजे रबर ताणलं जाऊन टोक वर येतं. चिमट्याने धरून काढा. चिमट्यात येत नसेल तर सुईने बाहेरच्या बाजूने ढकला. वेड्या बाभळीचा काटाही असाच आत मोडतो. बाहेरचा भाग झिजून रबराच्या पातळीला येतो आणि टोक आत तसंच राहतं.

रिमची बाजू

भोक रिमकडे असेल तर टायर तपासत बसू नका. रिमपट्टी उचला. साध्या सायकलीला ती रबराची गोल पट्टी असते. जुनी झाली की ताणून एका बाजूला सरकते आणि आऱ्यांची निपलं (आरे रिमला धरून ठेवणारी छोटी नटं) उघडी पडतात. स्वस्त, एकेरी भिंतीच्या रिममध्ये एखादा आरा निपलच्या वर डोकावत असतो, विशेषतः कुणी चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढताना आरे आवळले असतील तर. असं टोक कानशीने घासून निपलच्या बरोबरीला आणा, लोखंडाचा कीस पुसून काढा, नवी पट्टी बसवा. पट्टी काही रुपयांची असते.

दुहेरी भिंतीच्या अॅल्युमिनियम रिममध्ये आऱ्यांसाठी मोठी गोल भोकं असतात. हवेच्या दाबाने ट्यूब त्या भोकांत फुगून शिरते आणि कडेवर कापली जाते. तिथे सैल रबरी पट्टी चालत नाही. भोकं पूर्ण झाकणारी, पण टायरची कड जिथे बसते तिथे न चढणारी, कापडी चिकटपट्टी हवी. वायरमनची काळी इन्शुलेशन टेप लावून काम भागवणारे बरेच आहेत. उन्हाळ्यात तिचा गोंद पातळ होतो, टेप सरकते आणि भोक पुन्हा उघडं पडतं.

वालच्या भोकाची कडही बोटाने तपासा. धारदार लागली तर बारीक पॉलिश पेपर गुंडाळून फिरवा.

ठिगळ

घाई इथे महाग पडते. भोकाभोवती ठिगळापेक्षा जरा मोठी जागा पॉलिश पेपरने घासा, रबराची चकाकी जाऊन ते मळकट काळं दिसलं पाहिजे. ट्यूबवर साच्यातून येणारी जी उभी रेघ असते ती भोकाजवळून जात असेल तर पूर्ण सपाट करा. तिच्या कडेने हवा वाट काढते. घासलेल्या जागेला बोट लावू नका. सोल्युशनचा (ठिगळाच्या गोंदाचा) पातळ थर द्या आणि थांबा. पाच मिनिटं तरी. ओलं असताना ठिगळ लावलं की आतला द्रव अडकून राहतो आणि ते नीट धरत नाही. वाळून, बोटाच्या पाठीला जेमतेम चिकट लागेल अशा अवस्थेत ठिगळ लावा आणि मधून कडेकडे जोरात दाबत जा. ट्यूब आत घालण्यापूर्वी त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा, नाहीतर उरलेलं सोल्युशन टायरला चिकटतं आणि पुढच्या वेळी ओढताना ठिगळ उपटून येतं.

सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आतल्या आत वाळते. प्रवासाला नेताना दाबून बघा. गोंद आधीच लावलेली स्टिकरसारखी ठिगळं रस्त्यात घरी पोचण्यापुरती ठीक, आमच्याकडच्या उन्हात कायमची म्हणून मी ती धरत नाही.

एकाच ट्यूबवर किती ठिगळं चालतात? नीट लावलेली असतील तर बरीच. ठिगळावर ठिगळ यायला लागलं किंवा ताणल्यावर रबरावर बारीक भेगा दिसल्या, तर नवी ट्यूब घ्या. घेताना माप बघून घ्या, 'सायकलची ट्यूब द्या' म्हणू नका. टायरवर ३७-६२२ किंवा ५४-५५९ असे दोन आकडे असतात; पहिला टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रिमच्या ज्या भागावर टायर बसतो तिथला व्यास. ६२२ म्हणजे ७०० सी, ५५९ म्हणजे एमटीबीचं २६ इंच, ६३५ म्हणजे आपली २८ × १½ ची साधी सायकल. आपल्याकडच्या गोंधळाचं मूळ २६ इंचात आहे: २६ × १⅜ चं चाक ५९० चं असतं, आणि त्याचा टायर एमटीबीच्या ५५९ वर बसत नाही, नाव '२६ इंच' तेच असलं तरी.

परत बसवताना

ट्यूब गोल राहील इतकीच हवा भरा, म्हणजे ती दुमडत नाही. आधी वाल भोकात, मग दोन्ही बाजूंना थोडी थोडी ट्यूब आत. टायरची कड वालच्या विरुद्ध बाजूने चढवायला सुरुवात करा आणि शेवट वालापाशी करा. शेवटचा टप्पा घट्ट जातो. तेव्हा लिव्हरकडे हात नेऊ नका; चढवलेली कड पूर्ण चाकभर रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत या, म्हणजे सैल पडते आणि तळहाताने चढते. शेवटी वाल एकदा आत दाबून सोडा, त्याच्या बुडाशी ट्यूब कडेखाली अडकली असेल तर सुटते. थोडी हवा भरून दोन्ही बाजूंनी बघा: टायरच्या कडेला रिमलगत जी बारीक रेघ असते ती सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. कुठे वर, कुठे खाली असेल तर हवा काढून पुन्हा बसवा. पूर्ण हवा त्यानंतरच.

टायरच संपलाय

तळवा झिजून आतले दोरे दिसायला लागले, बाजूला भेगा पडल्या, किंवा फुगवल्यावर कुठे गाठ वर येत असेल, तर ठिगळं लावत बसण्यात पैसे जातात. लहान चिरेला जुन्या टायरचा तुकडा आतून लावून, म्हणजे गेटर टाकून, काही दिवस काढता येतात. रस्त्यात अडकलात तर दुधाच्या पिशवीची जाड घडी चिरेच्या आतून ठेवा, घरापर्यंत पोचवते. बाजूला गोलाकार घासल्याची रेघ दिसली तर ब्रेकचे रबर टायरला लागतायत. नवा टायर घालण्यापूर्वी ते खाली घ्या, नाहीतर नवाही महिन्याभरात तसाच कापला जाईल.

ट्यूबमध्ये ओतायचं हिरवं द्रव काट्यांच्या बारीक भोकांवर चांगलं चालतं, सराट्याच्या भागात तर मी ते सुचवतोच. पण रिमकडच्या भोकावर, चिरेवर आणि वालच्या बुडाशी त्याचा उपयोग नाही, आणि त्यानंतर ठिगळ लावायचं झालं तर जागा स्वच्छ करताना नाकी नऊ येतात. टायर आणि ट्यूबमध्ये घालायची जाड पट्टीही काटे अडवते. तिची दोन टोकं एकमेकांवर येतात तिथली धार घासून गोल करा, नाहीतर तीच ट्यूबला कापते. बिनहवेच्या भरीव ट्यूबा लहान मुलांच्या सायकलीपुरत्या ठीक. मोठ्या सायकलीला त्या जड पडतात आणि सगळा हादरा आऱ्यांवर आणि तुमच्या मनगटांवर येतो.

इथे थांबा आणि दुकानात जा

टायरच्या कडेतली तार तुटलेली किंवा बाहेर आलेली असेल तर हवा भरूच नका. टायर रिमवरून निसटून ट्यूब फुटते, आणि चालत्या सायकलीचं पुढचं चाक असेल तर दात जातात.

खड्ड्यात आदळून रिमची कड वाकली असेल, रिमला तडा असेल, आरे तुटले असतील किंवा चाक फिरवल्यावर ब्रेकला घासत डुलत असेल, तर आऊट काढायला अनुभवी माणसाकडे द्या. घरी एकेक आरा आवळत बसलं की चाक एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला आणखी वाकडं होतं. रिमच्या बाजूवर ब्रेक लागतात तो भाग झिजून खोलगट झाला असेल तर रिमच बदलायची.

मागच्या चाकात मोटर असलेल्या ई-सायकलचं चाक केबल नीट सोडवता येत नसेल तर घरी काढू नका. पंक्चर चाक न काढता, ट्यूब बाजूने ओढून निघतं का ते आधी बघा. ट्यूबलेस टायर घरच्या पंपाने कडेवर बसत नसेल तर तिथेही कॉम्प्रेसरवाल्याकडेच काम होतं.

आणि वरचं सगळं करूनही त्याच जागी तिसऱ्यांदा भोक पडलं, तर नुसती ट्यूब दुकानात नेऊ नका. टायर, रिम आणि ट्यूब एकत्र न्या, ट्यूबवर जुन्या भोकांच्या खुणा तशाच ठेवा, आणि 'पंक्चर काढा' ऐवजी 'इथेच का होतंय ते बघा' असं सांगा.